संमती कुणाची?

[दृश्य : संमतीपत्राची पानं. मजकूर वाचता येत नाही, फक्त सह्यांची जागा स्पष्ट.]

संमतीपत्रावर नाव होतं 'एड्स प्रतिबंधक लस विकसित करण्याचा प्रकल्प'. लस मात्र कुणालाच टोचली जाणार नव्हती. त्यावर सह्या करणाऱ्या जोडप्यांचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार होणार, त्यांच्या जनुकांमध्ये फेरफार होणार आणि मग ते आईच्या गर्भाशयात सोडले जाणार, असा खरा बेत होता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या शेन्झेन शहरातले संशोधक हे जियानकुई ('हे' हे त्यांचं आडनाव) यांनी जाहीर केलं, की अशा भ्रूणांपासून दोन जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. जगापुढे त्यांची फक्त टोपणनावं आली, लूलू आणि नाना. जन्माआधी जनुकं बदललेली ही पहिली माणसं.

वडिलांना एचआयव्हीची लागण होती, आईला नव्हती. अशा जोडप्यांसाठी शुक्राणू धुऊन, विषाणूपासून वेगळे करून गर्भधारणा घडवण्याची पद्धत कितीतरी वर्षं वापरात आहे. म्हणजे बाळाला लागण होऊ नये, एवढाच हेतू असता तर जनुकांना हात लावायची गरजच नव्हती. मुली आजारी नव्हत्या, होणारही नव्हत्या. जियानकुई यांना त्यांच्यात सीसीआर-५ नावाचं जनुक निकामी करायचं होतं. एचआयव्ही बहुतेक वेळा याच जनुकामुळे बनणाऱ्या प्रथिनाचा आधार घेऊन पेशीत शिरतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचा भ्रूण. अतिशय बारीक सुई.]

इथे जे घडलं ते सावकाश ऐका.

उत्तर युरोपातल्या काही लोकांमध्ये या जनुकातली ३२ अक्षरं, म्हणजे डीएनएचे घटक, निसर्गतःच गळालेली असतात आणि त्यांना एचआयव्हीपासून बरंच संरक्षण मिळतं. मुलींमध्ये तो बदल झालाच नाही. तिथे झाले वेगळेच, याआधी कुणी अभ्यासलेले नव्हते असे बदल. एकीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीची एकच. म्हणजे दुसरीला अपेक्षित संरक्षण मिळणारच नव्हतं. शरीरातल्या सगळ्या पेशींत सारखाच बदल झालाय का, याचीही खात्री नव्हती. शिवाय सीसीआर-५ हे जनुक निरुपयोगी नाही. ते नसलेल्यांना डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होतो, हे आधीपासून माहीत होतं. यातलं बरंचसं भ्रूण तपासतानाच दिसलं होतं. तरीही ते गर्भाशयात सोडले गेले.

मला सगळ्यात गंभीर वाटतं ते हेच. प्रयोग फसला, हा विज्ञानात गुन्हा नाही. पण फसलेल्या प्रयोगातून माणूस जन्माला येऊ देणं, आणि त्याचे परिणाम त्या माणसाने आयुष्यभर सोसायचे, याला संशोधन कसं म्हणायचं?

डिसेंबर २०१९ मध्ये शेन्झेनच्या न्यायालयाने जियानकुई यांना ३ वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड सुनावला. नैतिक समितीच्या मंजुरीची कागदपत्रं बनावट असल्याचं खटल्यात समोर आलं. तोपर्यंत दुसऱ्या एका जोडप्याच्या पोटी असंच तिसरं बाळही जन्मलं होतं.

[दृश्य : रुग्णालयातला कक्ष. रक्ताची पिशवी.]

याच तंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. जनुकात नेमक्या जागी छेद देऊन बदल करणारं क्रिस्पर हे तंत्र २०१२ मध्ये पुढे आलं आणि २०२० मध्ये जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी या तंत्राने उपचार झाले. लहानपणापासून असह्य वेदना भोगलेल्या या बाईंचं आयुष्य त्याने बदललं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली.

पण ग्रे सज्ञान होत्या. धोके समजून घेऊन त्यांनी स्वतः होकार दिला. बदल झाला तो त्यांच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत, आणि तो त्यांच्यापाशीच थांबतो. भ्रूणात केलेला बदल शरीरभर पसरतो, बीजांडांत आणि शुक्राणूंतही उतरतो, मग पुढच्या पिढीत जातो. तंत्र एकच असलं तरी ही दोन कामं मुळातच निराळी आहेत.

'पण आनुवंशिक आजार मुळापासून संपवता येत असेल तर का नको?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं बरंचसं उत्तर १९९० पासून आपल्या हाती आहे. आयव्हीएफमध्ये भ्रूणांची तपासणी करून आजार नसलेला भ्रूण निवडता येतो. मात्र नवरा-बायको दोघांनाही सिकलसेल असेल, तर निवडायला निरोगी भ्रूण मिळतच नाही. अशी जोडपी थोडी असली तरी आहेत. आपल्या रक्ताचं, निरोगी मूल हवं ही त्यांची इच्छा क्षुल्लक ठरवायचा मला अधिकार नाही. तरीही इच्छा आईवडिलांची आणि जोखीम बाळाची, हा हिशेब मला मान्य होत नाही.

आणि जोखीम काल्पनिक नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अंधत्वाशी संबंधित एका जनुकावर मानवी भ्रूणांत काम केलं. क्रिस्परने केलेल्या जवळपास निम्म्या छेदांची दुरुस्ती झालीच नाही. काही पेशींमधून गुणसूत्राचा मोठा तुकडा, कधी अख्खं गुणसूत्रच नाहीसं झालं.

उंच, हुशार, देखणी बाळं 'ऑर्डर' देऊन मागवण्याच्या गप्पांवर फार वेळ घालवत नाही. नुसत्या उंचीशी निगडित असे १२,००० हून अधिक जनुकीय फरक २०२२ च्या एका अभ्यासात सापडले. तेवढे कोण बदलणार? पण 'चांगली' माणसं पैदा करायचा हव्यास जुना आहे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी वैध ठरवली, आणि तिथे ६०,००० हून जास्त लोकांची नसबंदी झाली. त्या वेळीही समाजाच्या भल्याचीच भाषा होती. म्हणून कोणता आजार 'नकोसा', हे ठरवणाऱ्या बैठकीत तो आजार किंवा अपंगत्व घेऊन जगणारी माणसं असलीच पाहिजेत.

[दृश्य : शाळेचं रिकामं मैदान. मुलं दिसत नाहीत.]

त्या मुली आता शाळकरी वयाच्या आहेत. २०२२ मध्ये चीनमधल्या नीतिशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी सुचवलं, की या मुलांना खास संरक्षण द्यावं आणि त्यांची जनुकीय तपासणी नियमित व्हावी. लगेच उलट प्रश्न आला, ही काळजी की जन्मभराची पाळत? तपासलं नाही तर धोका कळणार नाही, तपासत राहिलं तर त्या कायम प्रयोगाचा विषय राहतील. या पेचातून सुटायची वाट मला दिसत नाही. पेच निर्माणच होऊ न देणं एवढंच आपल्या हातात होतं.

२०२३ मध्ये मानवी जनुकांतल्या फेरफारावर लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सांगितलं, की पुढच्या पिढीत उतरणारे जनुकीय बदल आज तरी स्वीकारता येणार नाहीत. मला हे अपुरं वाटतं. परिषदेचं निवेदन म्हणजे कायदा नव्हे. काही देशांत स्पष्ट मनाई आहे, काही ठिकाणी नियम मोघम आहेत, आणि वंध्यत्व उपचारांची बाजारपेठ सीमा ओलांडून चालते. बंदी घालायची तर ती गर्भाशयात भ्रूण सोडण्याच्या टप्प्यावर घालावी लागेल. संशोधकाने कितीही लपवलं तरी तिथे दुसऱ्या डॉक्टरचा हात लागतोच. भ्रूण कुठून आला, त्यावर काय केलं गेलं, याची नोंद मागण्याची सक्ती त्या डॉक्टरवर असावी, आणि नोंद नसेल तर नकार देणाऱ्याच्या पाठीशी कायदा असावा.