ठेवते हं!

(दृश्य : दुपारचे अडीच. पंख्याखाली आडव्या झालेल्या आजी. उशाशी ठेवलेला फोन वाजतो.)

डोळा लागतो न लागतो तोच फोन. कर्ज हवंय का, प्लॉट बघायला येता का, कार्ड मंजूर झालंय. आजी उठून बसतात, चष्मा शोधतात आणि "नको रे बाळा" म्हणत पाच मिनिटं ऐकत राहतात. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. भामट्यांचा अर्धा धंदा याच सभ्यतेवर चालतो.

आधी जाहिरातींचा बंदोबस्त. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', एक जागा सोडून 0, आणि पाठवायचं 1909 ला. इथे हमखास एक चूक होते. फोनमध्ये दोन सिम असतात आणि मेसेज भलत्याच सिमवरून जातो. पाठवण्याआधी सिम तपासा. ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे मेसेज यामुळे बंद होत नाहीत.

पण ही नोंदणी पाळतात ते नोंदणीकृत जाहिरातवाले. त्यांचे नंबर 140 ने सुरू होतात. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी 1600 ची मालिका आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा 1909 ला जुमानत नाही. त्याला अडवायचं ते फोनमध्येच.

(दृश्य : जेवणाचं टेबल. फोन आजींच्या हातात, नात शेजारी.)

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' उघडा. 1909 ची नोंदणी आणि हे, दोन्हींना लोक डीएनडीच म्हणतात, पण गोष्टी वेगळ्या. कॉलमध्ये 'फक्त कॉन्टॅक्ट्स' निवडा, 'रिपीट कॉलर्स' (तोच नंबर लगेच पुन्हा आला तर फोन वाजू देणारं) चालू ठेवा, अलार्म चालू आहे ना ते बघा, आणि हे कायम सुरू राहू द्या. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. त्याआधी डॉक्टर, गॅसवाला, औषधाचं दुकान, सोसायटीचा वॉचमन, सगळे नंबर साठवून घ्या. हे राहिलं, तर सिलिंडर दारातून परत जातो आणि आजी वैतागून सगळंच बंद करायला लावतात. व्हॉट्सॲपचं वेगळं : सेटिंग, प्रायव्हसी, कॉल्स, आणि 'सायलेन्स अननोन कॉलर्स'.

(दृश्य, जवळून : सुरकुतलेलं बोट स्क्रीनवर टेकतं, टेकूनच राहतं. आयकॉन थरथरतो, जागचा हलतो.)

"फोन बिघडलाय." फोन धड आहे. बोट क्षणभर जास्त टेकलं, म्हणून फोनला ते 'दाबून धरणं' वाटलं आणि आयकॉन उचलला गेला. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतो, तो 'लाँग' करा. मग होम स्क्रीनवर पाच-सहाच आयकॉन ठेवा आणि मांडणी लॉक करा. बोटं फार कोरडी असतील तर स्पर्श लागतच नाही. ओलसर फडक्याला बोट पुसून पुन्हा बघा.

'फोनमध्ये 13 व्हायरस' अशी भीतीही सारखी झळकते. कुठल्यातरी वेबसाइटवर 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की भुताटकी थांबते. बसल्या बसल्या, फोनच्या सेटिंगमधल्या 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' मध्ये व्हॉट्सॲपची परवानगी बंद आहे ना तेही पाहा. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून येणाऱ्या एपीके फायली (दाबल्या की ॲप बसवणाऱ्या) त्याच दारानं आत येतात.

एवढं करूनही एखादा फोन लागतोच. "तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत." मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, "कुणाला सांगू नका, खोलीचं दार लावून घ्या." 'डिजिटल अरेस्ट' नावाची ही व्हिडिओ कॉलवरची अटक कायद्यात नाहीच. नोव्हेंबरात पेन्शनरांना वेगळा फोन : "हयातीचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा." पेन्शन कार्यालय असा फोनवर ओटीपी विचारत नाही.

म्हणून एक वाक्य घोकून घ्यायचं. "व्यवहार मुलगी बघते. ठेवते हं." 'मुलगी बाहेर गेलीये' म्हणायचं नाही, घरात एकट्या आहोत हे कळतं. वाक्य मोठ्यानं, चार-पाचदा, आणि दर वेळी लाल बटण दाबून. नुसतं समजावून हे होत नाही, हाताला सवय लागावी लागते. शंका राहिलीच तर पासबुकावरच्या नंबरला आपण फोन करायचा, आलेल्या नंबरला नाही.

पैसे गेलेच, तर रागवायचं नंतर. आधी 1930, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा.

(दृश्य : नात गॅलरीत जाते. तिच्याकडे शेजारच्यांचा फोन.)

शेवटी चाचणी. आजींच्या फोनमध्ये साठवलेला नाही अशा नंबरावरून फोन लावा. वाजायला नको. त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा लावा. आता वाजला पाहिजे. रस्त्यात कुणी पडलं आणि परक्याच्या फोनवरून घरी कळवायची वेळ आली, तर तो फोन असाच आत येणार आहे.

(आवाज : आधी शांतता. मग आजींच्या उशाशी रिंग.)