दागिने उतरताना: ‘उत्सव’मधील रेखा

रसिकहो,

कोल्हापूरच्या श्रोत्यांपुढे वसंतसेनेची ओळख करून द्यावी लागत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे संस्कृत नाटक ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले आणि संगीत रंगभूमीने ते घरोघरी पोहोचवले. बालगंधर्वांची वसंतसेना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे माझ्या आजोबांच्या पिढीत होती आणि तिच्या शालूविषयी, तिच्या नुसत्या उभे राहण्याविषयी ती अखेरपर्यंत बोलत असत. त्यामुळे १९८४ मध्ये गिरीश कर्नाड यांनी याच नाटकावरून, रेखाला वसंतसेना करून, ‘उत्सव’ काढला, तेव्हा आमच्या घरात त्याची जी वाट पाहिली गेली, ती एखाद्या हिंदी चित्रपटाची वाट नव्हती; माहेरची मुलगी दुसऱ्या घरी कशी नांदते आहे हे पाहण्याची ती उत्सुकता होती.

मी तो चित्रपट येथेच, महाविद्यालयात असताना पाहिला. थिएटरात बायका जवळजवळ नव्हत्या, कारण चित्रपट ‘तसला’ आहे ही बातमी त्याच्या आधीच गावात येऊन पोहोचली होती. पहिल्या अर्ध्या तासात शिट्ट्या बऱ्याच झाल्या. बाहेर पडलो तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी मनात होत्या: चित्रपटाने निराशा केली होती, आणि तरीही काहीतरी फार मोलाचे पाहायला मिळाले होते. या दोन गोष्टी एकत्र कशा राहू शकतात, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे आणि आज तोच तुमच्यापुढे मांडणार आहे.

निराशेची कारणे आधी स्पष्ट सांगतो, कारण या चित्रपटाचे चाहते ती झाकतात. निर्मितीत कसर कोठेही नव्हती. शशी कपूर यांनी ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘३६ चौरंगी लेन’ यांसारखे चित्रपट ज्या निष्ठेने काढले, त्याच निष्ठेने येथे पैसा ओतला आणि तो परत मिळाला नाही. अशोक मेहता यांचे छायाचित्रण आजही डोळ्यांत राहते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत आणि वसंत देव यांची गीते यांना तर काळाचा गंजच चढलेला नाही. त्यातले ‘सांझ ढले गगन तले’ आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या सुरेश वाडकरांनी गायले आहे. हे सगळे असूनही चित्रपट एका सुरात लागत नाही. शूद्रकाच्या दहा अंकांत चोर आहे, जुगारी आहे, राज्यक्रांती आहे, खुनाचा खोटा आरोप आणि न्यायसभा आहे. नाटक या साऱ्यांना वेळ देते, चित्रपट त्यांना धावत भेटतो. शंकर नाग यांचा चोर मनात घर करू लागतो न लागतो तोच प्रहसन सुरू होते. शेखर सुमन यांचा चारुदत्त इतका कोवळा आणि गोंधळलेला आहे की उज्जयिनीची सर्वांत नामांकित गणिका याच्यावर का भाळली, हे प्रेक्षकाला समजून घ्यावे लागते, ते आपोआप उमगत नाही.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र शृंगाराच्या मांडणीवरच आहे. कर्नाडांनी कथेत ‘कामसूत्र’कार वात्स्यायनाला आणले आणि अमजद खान यांना ती भूमिका दिली. हा वात्स्यायन गणिकागृहात डोकावून लोकांच्या रतिक्रीडांची टिपणे घेत हिंडतो. कल्पना म्हणून हे चतुर आहे, परंतु त्याचा परिणाम असा होतो की चित्रपटातील कामभाव ही पाहण्याची, मोजण्याची आणि हसण्याची वस्तू बनते. प्रेक्षकही नकळत त्या फटीतून डोकावणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ‘उत्सव’मध्ये आहार्य, म्हणजे वस्त्रे, अलंकार, रंग, साजसज्जा, भरपूर आहे आणि आंगिकही कमी नाही; मनाच्या आतून देहावर उमटणारे सात्त्विक मात्र दुर्मीळ आहे. ते जेथे आहे, तेथे बहुतेक वेळा रेखा आहे.

दागिन्यांचा प्रसंग आठवा. मागे लागलेल्या संस्थानकापासून, म्हणजे राजाच्या मेहुण्यापासून, पळून वसंतसेना चारुदत्ताच्या घरात शिरते. पुढे या दोघांच्या मीलनात तिच्या अंगावरचे अलंकार एकेक करून उतरतात. कागदावर हा प्रसंग साधा वस्त्रहरणाचा सौम्य प्रकार वाटावा असाच आहे, आणि दुसरी एखादी नटी असती तर तो तेवढाच राहिला असता. रेखा त्याचा अर्थच बदलते. दागिने हे गणिकेचे केवळ सौंदर्य नव्हे. ते तिच्या धंद्याचे भांडवल, तिची मिळकत आणि तिच्या मालकीची खूणही आहे. म्हणून ते उतरताना रेखाच्या चेहऱ्यावर लाज नाही आणि आव्हानही नाही. तेथे एक मंद, जवळजवळ नवल वाटल्यासारखा सुटकेचा भाव आहे, जणू इतक्या वर्षांत या देहावर हे ओझे होते हे तिला स्वतःलाच आत्ता कळते आहे. ती घाई करत नाही. कॅमेरा तिच्याकडे पाहत असतो आणि ती चारुदत्ताकडे पाहत असते, आणि तिची ती नजर इतकी ठाम आहे की प्रेक्षकाला तिच्याकडे पाहण्याऐवजी तिच्याबरोबर पाहावे लागते. आमच्या थिएटरातल्या शिट्ट्या येथे थांबल्या होत्या. ती शांतता मला आजही ऐकू येते.

ज्यांनी बैठकीची लावणी जवळून पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. यमुनाबाई वाईकरांसारखी कलावंत बसल्या जागी एकच ओळ पुन:पुन्हा घोळवायची, आणि प्रत्येक खेपेला भुवई, मनगट, मानेची एखादी कलाटणी यांतून त्या ओळीचा नवा अर्थ समोर ठेवायची. या रीतीला अदा म्हणतात. तेथे शृंगाराची सूत्रे बाईच्या हाती असतात. समोरच्या श्रोत्याला काय आणि किती द्यायचे हे ती ठरवते. रेखाने लावणीचे शिक्षण घेतले होते असे मला सुचवायचे नाही. तिच्या अभिनयाचा पिंड त्या परंपरेच्या शेजारचा आहे, एवढेच मी म्हणतो.

‘मन क्यूं बहका’ या गाण्यात याचा आणखी एक पुरावा मिळतो. लता आणि आशा या दोघी बहिणींनी ते गायले आहे, आणि पडद्यावर गणिका वसंतसेना व चारुदत्ताची पत्नी, म्हणजे रेखा आणि अनुराधा पटेल, एकमेकींच्या सहवासात आहेत. सवतीमत्सराची सर्व सामग्री हाताशी असताना येथे एक मोकळे, खेळकर सख्य दिसते. पुरुष जवळ नसताना या दोन बायकांच्या बोलण्या-हसण्यात जो शृंगार आहे, तो वात्स्यायनाच्या साऱ्या टिपणांपेक्षा खरा आहे. अनुराधा पटेल येथे सुंदर साथ देतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु गाण्याचा ताल रेखाच्या डोळ्यांत आहे.

कोणी म्हणेल, हा अभिनय नाही, ही तारकेची मोहिनी आहे. लोक रेखाला पाहायला आले होते आणि त्यांनी रेखाच पाहिली. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. मद्रासमध्ये वाढलेली ही मुलगी १९७० मध्ये ‘सावन भादों’मधून हिंदीत आली, तेव्हा तिच्या रूपावर आणि वर्णावर टीका झाली होती. ती मोहिनी तिला जन्मतः मिळालेली नव्हती. आवाज, चाल, थांबणे, नजर उचलण्याचा क्षण, हे सारे तिने वर्षानुवर्षे घडवले. १९८१ च्या ‘उमराव जान’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमराव आणि वसंतसेना दोघी गणिका, पण उमरावच्या डोळ्यांत गमावल्याचे दुःख साठलेले आहे आणि वसंतसेनेच्या डोळ्यांत निवड केल्याचा आनंद आहे. तीनच वर्षांच्या अंतराने, वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन भूमिकांत एवढा फरक केवळ मोहिनीने साधत नाही. पुढे १९९६ मध्ये मीरा नायर यांच्या ‘कामसूत्र’मध्ये ती शृंगारविद्या शिकवणाऱ्या आचार्येच्या छोट्या भूमिकेत आली, तेव्हाही पडदा थोडा वेळ तिचाच झाला.

शूद्रकाच्या नाटकात सहाव्या अंकात एक प्रसंग आहे. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो, कारण त्याच्या वाट्याला मातीची गाडी आली आहे. वसंतसेनेकडे दाखवून ही तुझी आई आहे असे दासी सांगते, तेव्हा मुलगा विचारतो की आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे. वसंतसेना रडत दागिने उतरवते, मी आता तुझी आई झाले म्हणते, आणि ते अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाचे नाव तेथून आले आहे. प्रियकरापुढे आणि बालकापुढे दागिने उतरवणारी ही एकच स्त्री आहे, हे पटवून देऊ शकेल असा चेहरा लागतो. चित्रपट ‘उत्सव’ म्हणून मिरवण्यात दंग असताना रेखाने एकटीने शूद्रकाची वसंतसेना सांभाळली, असे माझे मत आहे.

आता आपण तो मीलनाचा प्रसंग पडद्यावर पाहणार आहोत. दिवे मालवण्यापूर्वी एवढीच विनंती करतो की तिचा चेहरा तर पाहाच, पण एकदा नुसत्या तिच्या हातांकडेही लक्ष ठेवा.