पेरभर केसांची वेणीफणी

नमस्कार श्रोतेहो. आणि ज्यांच्या घरातली फणी सध्या नुसतीच आरशापुढे पडून आहे, त्या माझ्या मैत्रिणींना खास नमस्कार.

आज मी केसांबद्दल बोलणार आहे. बोटाच्या एका पेराएवढे, फार तर दोन पेरांएवढे झालेत, अशा केसांबद्दल. माझे स्वतःचे आत्ता तेवढेच आहेत. गेल्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, मग केमोचे डोस सुरू झाले. पहिल्या डोसनंतर सतराव्या दिवशी न्हायला बसले आणि केस मुठीत आले. शेवटच्या डोसला आता पाच महिने होतील. पूर्वी माझी वेणी कमरेपर्यंत होती, सरळ आणि जाड. आता उगवलेत ते कुरळे, काळ्यात पांढरे मिसळलेले. हात फिरवला की कोकराच्या अंगावरून फिरवल्यासारखं वाटतं.

असं का होतं, ते मला डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं होतं. शरीरात झपाट्याने वाढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावर केमोचं औषध घाला घालतं. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात. औषध थांबलं की मुळं पुन्हा कामाला लागतात, पण नवा केस जुन्यासारखाच येईल असं नसतं. अनेकींचे केस वर्ष-दीड वर्षात मूळ वळणावर येतात, काहींचे येत नाहीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटरची वेणी हवी तर ४ वर्षं. हा हिशेब मी एकदाच केला आणि ठरवलं, की त्या वेणीची वाट पाहत बसायचं नाही. आज डोक्यावर जे आहेत, त्यांची वेणीफणी करायची.

"केसच नाहीत, आता काळजी कसली? एक तांब्या पाणी ओतलं की झालं!" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं, की माझाही त्यावर विश्वास बसला होता. पण ते खरं नाही. लांब केस डोक्याला ऊन लागू देत नाहीत, घाम शोषून घेतात. पेरभर केसांत सगळं उघडं असतं. शिवाय कुरळ्या केसांची एक मोठी अडचण आहे. आपल्या डोक्याची त्वचा स्वतःचं तेल तयार करते. सरळ केसावरून ते घसरत टोकापर्यंत जातं. वळणावळणाच्या केसावर ते मुळापाशीच अडतं. त्यामुळे डोकं तेलकट आणि टोकं कोरडी, असा विचित्र प्रकार होतो. माझं पहिल्या दोन महिन्यांत नेमकं तेच झालं.

आणि मी काय केलं? रोज रात्री कोमट तेल, तेही वाटीभर. केस लवकर यावेत म्हणून बोटांनी जोरजोरात चोळणं. सकाळी अंगाच्या साबणानेच डोकं धुणं, कारण एवढ्याशा केसांसाठी शाम्पू कशाला काढायचा. मग खरखरीत टॉवेलने पुसणं. तीन आठवड्यांत कानामागे बारीक पुटकुळ्या उठल्या आणि खपल्या पडायला लागल्या. रडकुंडीला आले होते. वाटलं, मुळंच कायमची बिघडली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाहिलं आणि विचारलं, "तान्ह्या बाळाचं डोकं तुम्ही असं चोळाल का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे जावळ आहे! आपल्याकडे बाळाच्या जावळाशी आपण किती जपून वागतो. टाळूवर तेल घालतो ते थेंब-थेंब, तळहाताने, दाब न देता. पाणी कोमट. पुसायला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती फडकं. पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात चालत आलेलं हे शहाणपण मी स्वतःच्या डोक्याला लावलंच नव्हतं.

तर आता माझं कसं चालतं, ते सांगते. ज्यांचे उपचार अजून सुरू आहेत, त्यांनी यातलं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, ही हात जोडून विनंती. त्या काळात त्वचा फार नाजूक असते आणि अंगात प्रतिकाराची ताकद कमी असते.

आठवड्यातून दोनदा न्हाते. अंगाचा साबण बंद, कारण तो अल्कलीयुक्त असतो, केसाच्या वरच्या पापुद्र्याचे खवले त्याने उघडतात आणि केस राठ होतो. सौम्य शाम्पू तळहातावर घेऊन पाण्यात मिसळायचा, मगच डोक्याला लावायचा. शिकेकाई अनेकींना हवीशी वाटते, मलाही तिचा वास आवडतो. पण तिची भरड पूड पेरभर केसांत अडकते आणि नव्या त्वचेला खरचटते. लावायचीच तर उकळून, कापडातून गाळलेलं पाणीच घ्या आणि डोळे सांभाळा. आमच्याकडे बोअरवेलचं क्षाराचं पाणी आहे. त्याने केसांवर पांढुरकी राप बसते, म्हणून शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेते. पुसायला टॉवेलऐवजी पंचा. पंचा डोक्यावर ठेवायचा, दाबायचा, पाणी टिपून घ्यायचं. चोळायचं नाही.

न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब, बस. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनांची होणारी झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं होतं. अभ्यास तेल बनवणाऱ्या कंपनीतला होता, हे सांगायला हवं. पण माझ्या केसांचा अनुभवही तोच आहे. फक्त डोक्यात कोंडा असेल तर तेलाने तो वाढू शकतो, तेव्हा आधी कोंड्यावर औषध घ्या.

इतर दिवशी केसांवर पाण्याचा फवारा. इस्त्रीवाल्याकडे असते तशी प्लास्टिकची बाटली, वीस-तीस रुपयांची. केस नुसते दमट करायचे, आणि ओल असतानाच तेलाचे दोन थेंब तळहातांवर पसरून वरून हलकेच दाबायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे: पाणी आधी, तेल नंतर. कोरड्या केसावर कितीही तेल थापलं तरी केस कोरडाच राहतो, वरून फक्त चिकट होतो. ओल केसात हवी, तेलाने ती धरून ठेवायची.

हा क्रम मी शिकले तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडून. माझी भाची तिकडे शिकते, तिने मला त्यांच्याबद्दल सांगितलं. रसायनांनी सरळ केलेले केस एक दिवस कापून टाकायचे आणि आपल्या मूळ, घट्ट कुरळ्या केसांनी नव्याने सुरुवात करायची, याला त्या 'बिग चॉप' म्हणतात. इंचभर केसांची देखभाल कशी करायची, याचं पक्कं शास्त्र त्यांच्याकडे तयार आहे. या वाटेवर एक मोठं नाव येतं मॅडम सी. जे. वॉकर यांचं. १८६७ साली लुईझियानात जन्म, आईवडील आधी गुलामीत. त्या स्वतः कपडे धुऊन पोट भरायच्या. डोक्याच्या त्वचेच्या विकाराने त्यांचे केस गळत होते. त्यावर उपाय शोधता शोधता त्यांनी मलम तयार केलं, दारोदार विकलं आणि पुढे मोठा कारखाना काढला. डोकं स्वच्छ ठेवा, वरचेवर धुवा, हे त्या बायकांना समजावून सांगत. आणि अगदी अलीकडे, २०१९ साली, कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला, की एखाद्याचे केस जन्मजात जसे आहेत तसे ठेवले म्हणून शाळेत किंवा नोकरीत त्याच्याशी भेदभाव करता येणार नाही. केसांसाठी कायदा! ऐकून मी थक्क झाले.

मग आपल्याकडचं आठवलं. बाईच्या डोक्यावर केस नसणं याला महाराष्ट्रात एक फार वाईट अर्थ होता. केशवपन. अनेक घरांत नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, तिच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. त्याविरुद्ध १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनी हे म्हणावं, याचं मोल मला आता जास्त कळतं. कारण पहिल्यांदा रुमाल न बांधता मी भाजीला गेले, तेव्हा एक आजी माझ्या डोक्याकडे बघून मग गळ्याकडे बघत होत्या. मंगळसूत्र शोधत होत्या, बिचाऱ्या. मी त्यांना सांगितलं, "आजी, आजार होता, आता बरी आहे." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पण ती नजर मी विसरले नाही. आपल्या ओळखीत कुणी अशी बाई असेल, तर तिच्या केसांकडे बघताना एवढं ध्यानात असू द्या.

आता एक गोष्ट तब्येतीत सांगते, कारण तिने मला खूप आनंद दिलाय. जवसाचं जेल. जवस आपल्या घरात चटणीसाठी असतातच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, आणि ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांनी वर पांढरा फेस येतो, पाणी दाटायला लागतं. चमचा उचलून बघायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की तिथेच गॅस बंद. आणि गरम आहे तोवरच गाळायचं! पहिल्या वेळी मी गार होऊ दिलं, तर सगळं जेल दाण्यांना घट्ट चिकटून बसलं आणि हाताला फक्त लगदा लागला. जुन्या पातळ ओढणीतून गाळायचं, मग पिळायचं, हात भाजणार नाही एवढं बघून. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की टाकून द्यायचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज आली नाही तरच डोक्याला. ओल्या केसांवर चमचाभर लावून मूठ हलकेच उघड-मीट करायची. वाळलं की एकेक कुरळी वेटोळी सुटी दिसते. ज्या दिवशी पहिल्यांदा तसं झालं, त्या दिवशी मी आरशासमोरून हलले नाही.

बाकी थोडक्यात. उन्हात जाताना सुती टोपी किंवा पदर डोक्यावर हवाच, नव्या त्वचेला ऊन चटकन भाजतं. उशीला सुती अभ्र्याऐवजी साटिनचा घाला. सुती कापड रात्रभर केसांतली ओल पीत राहतं. जुन्या ब्लाउजच्या अस्तराचाही होतो, मी तसाच शिवला. रंग लावायची घाई नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा रसायन असतं, त्यापासून लांबच राहा. आणि दर दीड महिन्याने मानेवरचे आणि कानामागचे केस तेवढे कापून घ्या. मागचे आधी खाली उतरतात आणि डोक्याला आकार राहत नाही. वरच्यांना हात लावू देऊ नका. मी आधी पार्लरमध्ये जायला संकोचत होते. शेवटी मुलगा जातो त्या केशकर्तनालयातल्या दादांकडेच गेले. त्यांनी खुर्चीवर स्वच्छ कापड घातलं आणि विचारलं, "ताई, किती ठेवू?" कापू किती, असं नाही विचारलं.

सासूबाईंना माझी वेणी फार प्रिय होती. दर दिवाळीला पहाटे माझ्या केसांना तेल त्या लावायच्या. केस गेल्यावर कितीतरी दिवस त्यांनी माझ्या डोक्याकडे बघणंच टाळलं. आता रात्री नऊ वाजत आले की त्याच हाक मारतात, बाटली घेऊन ये म्हणून. पाण्याचा फवारा त्या मारतात, तेल मी लावते.

नमस्कार.