माळवद, पत्रा आणि आता प्लास्टिक

विषय टाकाऊ प्लास्टिकच्या छपराचा आहे, पण सुरुवात मी माळवदापासून करणार. इथल्या निम्म्या लोकांचं बालपण त्याखालीच गेलंय. लाकडाचे सरे, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या आडव्या पट्ट्या, वर दीड-दोन फूट पांढरी माती. वैशाखातसुद्धा खाली गारवा. गळू नये म्हणून मृगाआधी वर मातीची भर टाकायची. भर वाढत गेली, तसं वजनही वाढलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला जमीन हलली आणि दगडाच्या भिंती, वरची माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आमचं घर नुसतं हादरलं. तरी आईनं त्याच दिवाळीआधी माळवद उतरवायला लावलं. "पत्रा पडला तर टेंगूळ येईल, माती पडली तर माणूस जाईल," म्हणायची.

पत्रे आले आणि भीती गेली, पण घरातली दुपारही गेली. पत्र्यावर भिजलेली पोती टाकून बघितली, तर एप्रिलातच हापसा कोरडा. वळवाची गार पडली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. दुपारी आई बाज घेऊन लिंबाखाली जायची. शेवटच्या उन्हाळ्यात तिला उठवत नव्हतं. सकाळी बाजेसकट लिंबाखाली, दिवेलागणीला घरात, असं आम्ही दोघा भावांनी दीड महिना केलं. स्वतःच्या घरात तिला दुपारी पडता आलं नाही, हे मला अजून सोसत नाही. छपराचा नाद मला तिथून लागला.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगतो.

दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, पिकाच्या वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंगचा कागद हे सगळं पॉलिथिन. ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळतं. मल्चिंगला माती चिकटलेली असते, ते आधी धुवावं लागतं. फळांच्या रसाच्या खोक्यांतला कागद लगदा करून काढून घेतात. उरलेलं पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम बारीक करून, तापवून दाबलं की नालीदार पत्रा होतो. पीव्हीसीचे पाइप यात अजिबात नकोत, तापले की आम्लाचा विषारी वायू सुटतो.

काजळी मिसळली नाही तर ऊन प्लास्टिक खातं. हे मी भोगलंय. शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलेले पत्रे दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकले आणि तुकडे गव्हाणीत पडले. विकणाऱ्यानं काजळी घातलीच नव्हती. विचारायला गेलो तर पावती मागितली.

पॉलिथिनमधून उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी कमी वाहते. पण काळा पत्रा उन्हात तापतोच. म्हणून खाली बांबूच्या तट्ट्याचं छत, मध्ये वीतभर मोकळी हवा. उन्हानं पत्रा मऊ पडून झोळ येतो, तेव्हा वासे जवळजवळ घ्या. आणि चुलीवर हे छप्पर नको, प्लास्टिक पेट घेतं.

येत्या चैत्रात मी पुन्हा गोठ्यावर टाकणार आहे, या वेळी काजळी घातलेलं. बघायचं असेल त्यांनी भर दुपारी या, आणि तट्ट्याला खालून हात लावून बघा.