तुम्ही वसईत कुठले?

नमस्कार मंडळी. आज आमच्या वसईबद्दल बोलायचंय. आमच्या म्हणतोय, पण मी काही मूळचा वसईकर नाही. वडील लालबागला गिरणीत होते, १९८२ चा संप झाला, त्यांना परत कामावर घेतलंच नाही, मग खोली विकून जे काय आलं त्यात वसई तालुक्यात नालासोपारा पूर्वेला चाळीत एक खोली घेतली. तेव्हा अशी कितीतरी गिरणगावातली घरं विरार लाईनला आली. आमच्या एका बाजूला जौनपूरचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला केरळच्या नर्सताई, समोर सावंतवाडीचे, आणि कोपऱ्यावर कच्छी शेठचं किराणा दुकान. त्यामुळे वसई म्हणजे सगळे बाहेरून आलेले लोक, असंच मला लहानपणी वाटायचं.

दारावर भाजी घेऊन एक मावशी यायची. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लाल लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत पडवळ, अळू, वांगी, खाली केळीचा घड. एकदा संक्रांतीला आईने तिला हळदीकुंकवाला आत बोलावलं, कुंकवाचं बोट पुढे केलं तर मावशी हसली आणि गळ्यातला क्रॉस बाहेर काढून म्हणाली, "अगो बाय, आमी किरिस्ताव!" आई क्षणभर गडबडली, मग तिने तिळगूळ दिला आणि मावशीने तो पदरात बांधून घेतला. तेवढ्यात आमचे शाळेतले सर समोरून आले, वाघोलीकडचे सामवेदी ब्राह्मण, आणि ते थांबून मावशीशी अशा भाषेत बोलायला लागले की आम्हाला त्यातलं धड एक वाक्य कळेना. मराठीच वाटायची, पण आमची नव्हे. ती कादोडी. मावशी नंदाखालची ख्रिश्चन, सर हिंदू, आणि घरात दोघांची बोली एकच. जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात हे दोघं वेगळे पडतात बघा, पण तोंड उघडलं की एका गावचे.

तर मंडळी, वसईत माणूस ओळखायचा तो बोलीवरून, असं मला तेव्हापासून वाटतं.

याला कारण इतिहास आहे. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी ती जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं, इथे पोर्तुगीज होते. त्या काळात बरेच लोक ख्रिश्चन झाले, आडनावं डाबरे, लोपीस, डिमेलो, तुस्कानो अशी झाली, पण शेती, लुगडं, बोली आपापल्या जागी राहिली. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिश्चन या एकाच समाजाच्या दोन फांद्या, असं दोन्हीकडची जुनी माणसं सांगतात. वाडवळ समाजातही तसंच, हिंदू वाडवळ आणि ख्रिश्चन वाडवळ. पाचूबंदरला गेलात तर कोळी ख्रिश्चन, अर्नाळ्याला गेलात तर कोळी हिंदू, मासळी तीच. पूर्वेला डोंगराकडे वारली आणि मल्हार कोळी, सोपाऱ्यात जुनी मुसलमान वस्ती, आगाशीला जैन मंदिर. वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले, त्यातली एक आज वाईजवळ मेणवलीला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. मी मेणवलीला गेलो तेव्हा तिच्याखाली बराच वेळ उभा राहिलो होतो, माहेरचं कुणी भेटावं तसं वाटलं.

आणि इथल्या चर्चमधे मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, मराठीत होते, हे मुंबईतल्या कितीतरी मराठी माणसांना माहीतच नसतं. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मधे उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी विरोध केला, एक धर्मगुरू कसा काय म्हणून. मला फार वाईट वाटलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिलं, 'सुवार्ता' मासिक चालवलं, त्याला मराठीपण सिद्ध करायला लावायचं?

आता आमच्याकडचं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती, आणि वालीव, सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधे काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, राजस्थानहून लोक येतच राहिले. खरी वाटणी रेल्वे रुळांची आहे. पश्चिमेला वाड्या, विहिरी, चर्च, देवळं आणि पूर्वेला चाळी, गाळे, टँकर. २००९ ला चार नगरपरिषदा आणि गावं मिळून महापालिका झाली तेव्हा पश्चिमेकडच्या गावांनी आम्हाला वगळा म्हणून आंदोलन केलं. आम्ही पूर्वेकडचे चिडलो होतो, आम्हाला नळाला पाणी हवं आणि ह्यांना महापालिकाच नको! पुढे एका मित्राच्या वाडीत गेलो, आजूबाजूला इमारती आणि बोअरवेल वाढल्यावर त्याच्या विहिरीचं पाणी खारट झालेलं, केळीची पानं कडेने करपलेली. त्याने पोहरा भरून माझ्या हातावर पाणी ओतलं, म्हणाला चाखून बघ. त्यानंतर मी त्या गावकऱ्यांना कधी नावं ठेवली नाहीत. पण माझ्या आईने रात्री दोनला टँकरच्या लायनीत हंडा लावलाय, तेही मी विसरू शकत नाही.

काळजी वाटते ती बोलींची. त्या मित्राची मुलगी इंग्लिश मीडियमला, आजीचं कादोडी तिला कळतं पण बोलत नाही. जौनपूरच्या शेजाऱ्यांचा नातू भोजपुरी बोलायला लाजतो, आणि माझा स्वतःचा मुलगा मालवणी फक्त गावी गेल्यावर ऐकतो. जुने काय आणि नवे काय, सगळ्यांच्या घरात एकच गोष्ट हातातनं सुटत चाललीय.

कधी जमलं तर पहाटेच्या विरार लोकलला मालडब्यापाशी उभे राहा. सोनचाफा आणि मोगऱ्याच्या पाट्या दादरला निघालेल्या असतात, डबाभर वास. परवा तिथे नालासोपाऱ्याचा एक फूलवाला पोरगा, बापाचं गाव बलिया, एका लाल लुगड्यातल्या आजीला कादोडीत भाव विचारत होता. मोडकी होती, पण कादोडीच. आजी त्याला हिंदीत भाव सांगत होती, मधेच त्याचा शब्द सुधारत होती, तो परत म्हणायचा, ती परत सुधारायची, आणि दादर आलं तेव्हा त्यानेच तिची पाटी उचलून खाली दिली.