हडपसरहून वागादुगूला

नमस्कार श्रोतेहो.

मी लहान मुलांचा डॉक्टर. शिकत होतो तेव्हा वॉर्डात "बाळाच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागेल" असं म्हटलं की आई-वडील हात जोडायचे. "नको डॉक्टर, पोर अधू होईल." ही भीती आजही गेलेली नाही. अधू करतो तो आजार, ती सुई नव्हे, हे समजावण्यात माझ्या किती रात्री गेल्या असतील! मेंदूभोवतीच्या पडद्याला जंतूंमुळे सूज येते, त्याला आपण बोलताना मेंदूज्वर म्हणतो. सकाळी अंगणात खेळणारं मूल रात्री शुद्धीवर नसतं. बरं होऊन घरी जातं आणि काही दिवसांनी आईच्या लक्षात येतं, हाक मारली तरी हे वळून बघत नाही. कान गेलेले असतात.

आपल्याकडे हे एकेका घरावरचं संकट. आफ्रिकेत मात्र एक पट्टा असा आहे, जिथे याची साथ येते. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या खालून जाणारा. डिसेंबर ते जून तिथे पाऊस नसतो. वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा येतो, त्याला हरमाटन म्हणतात. घसा सुकतो, नाकातला नाजूक पडदा चिरतो, आणि तिथे मुकाट बसलेल्या मेनिंगोकोकस जंतूला रक्तात शिरायला वाट मिळते. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे 25,000 मेले. बहुतेक साथींमागे या जंतूचा एकच प्रकार असायचा, ए गट.

मग लस नव्हती का? होती. जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं, त्या साखरेचीच ती लस होती. पण दोन वर्षांखालच्या बाळांच्या शरीराला नुसत्या साखरेची ओळख नीट पटत नाही, आणि मोठ्यांनाही ती दोन-तीन वर्षांत विसरायला होते. त्यामुळे साथ सुरू झाली की लस मागवायची, ती पोचेपर्यंत साथ ओसरायची, असं दरवर्षी चालायचं.

उपाय माहीत होता. ही साखर एखाद्या प्रथिनाला जोडून दिली की शरीर तिला ओळखतं आणि लक्षातही ठेवतं. आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला जी पेंटाव्हॅलंट लस देतात, तिच्यातला हिबचा, म्हणजे मेंदूज्वर आणणाऱ्या आणखी एका जंतूविरुद्धचा, भाग याच युक्तीने बनतो. आफ्रिकेसाठी अशी लस नव्वदच्या दशकात करूनही पाहिली होती, चाचण्या झाल्या होत्या. पुढे काम थांबलं. घेणारे देश गरीब, विकून हाती काय लागणार? मला हे आठवलं की आजही राग येतो.

2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मिळून मेनिंजायटिस, म्हणजे याच मेंदूज्वराच्या, लसीचा प्रकल्प उभा केला. पैसे गेट्स फाउंडेशनने दिले, 7 कोटी डॉलर. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स. या मंडळींनी आधी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय परवडेल? उत्तर मिळालं, एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी. तेव्हाच्या हिशेबाने साधारण 23 रुपये. तेवढ्यात बसेल अशीच लस बनवायची असं ठरलं. माझ्या मते या साऱ्या कामातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. आधी किंमत ठरली, मग कारखाना शोधला.

तो सापडला पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. साखर सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून यायची. तिला जोडायचं प्रथिन धनुर्वाताच्या लसीतलं, ते सीरमकडे होतंच. जोडण्याची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती, ती पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शिकून घेतली. भारतात, माली आणि गांबियात चाचण्या झाल्या. जून 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. लसीचं नाव मेनआफ्रिव्हॅक.

6 डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोची राजधानी वागादुगू इथे मोहीम सुरू झाली. वय वर्षं 1 ते 29, सगळ्यांना एकेक डोस. दहा दिवसांत सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांनी दंड पुढे केला. तरुणांना का दिली, असं कोणी विचारेल. हा जंतू घशात घेऊन फिरणारे बरेचदा तरुणच असतात, आणि या लसीने तो घशातूनही हटतो. मग ज्या बाळाला टोचलं नाही, तेही वाचतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या आशाताई आणि परिचारिका बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा खांद्याला अडकवून वाडीवस्तीवर जातात, ते तुम्ही पाहिलं असेल. जिथे वीजच नाही तिथे तो बर्फ गोठवायचा कुठे? या लसीची तपासणी करून 2012 मध्ये परवानगी मिळाली, की शेवटच्या टप्प्यात चार दिवसांपर्यंत ती 40 अंशांपर्यंतच्या तापमानात राहिली तरी चालेल. बेनिनमध्ये त्याच वर्षी दीड लाखांहून अधिक लोकांना ती बर्फाविना पोचवलेली लस दिली गेली.

पण जंतू स्वस्थ बसत नाही. ए गट हटला तसे सी, डब्ल्यू, एक्स हे गट पुढे आले. नायजेरियात 2017 मध्ये सी गटाची मोठी साथ आली. पाच गटांवरची नवी लस तेव्हा नव्याने शोधायला बसले असते तर उशीर झाला असता. पाथ आणि सीरम तिच्यावर आधीपासून काम करत होते. 2023 च्या जुलैत तिला मान्यता मिळाली आणि 2024 मध्ये ती सर्वांत आधी नायजेरियातच दिली गेली.

कुठला गट डोकं वर काढतोय हे कळतं ते पुन्हा त्याच मणक्यातल्या पाण्यातून. तिथल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात सुई घालतात, दोन-चार थेंब खास बाटलीत भरतात आणि खडबडीत रस्त्यांवरून राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवतात. या पट्ट्यातून आलेल्या नमुन्यांत 2017 नंतर ए गटाचा जंतू सापडलेला नाही.

धन्यवाद.