एकट्या एचआरने विचारायचं कोणाला?

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या कंपनीतले एकमेव एचआर आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. ३५ माणसांच्या कंपनीत मी सहा वर्षं हे काम एकटीने केलं. भरती, पगारपत्रक, रजा, राजीनाम्यानंतरचा हिशोब, आणि प्रिंटर अडला की तोही माझ्याकडेच. ते सगळं निभावलं. जड गेलं ते गप्प राहणं. कोणाला किती पगार, कोणाच्या घरी आजारपण, पुढच्या महिन्यात कोणाची नोकरी जाणार, हे पोटात ठेवून त्याच माणसांबरोबर जेवायला बसायचं. मोठ्या कंपनीत शेजारच्या टेबलावर दुसरा एचआर असतो. त्याला हळूच विचारता येतं, ‘माझं काही चुकतंय का?’ आपण मालकाला विचारावं, तर कधी तक्रारच मालकाच्या माणसाविरुद्ध असते.

ही अडचण आजची नाही. १९१३ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कारखान्यांतल्या कल्याण अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन संघटना काढली. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, मालक आणि कामगार यांच्या मधोमध उभं राहून काम करणाऱ्या. पुढे याच संघटनेची सीआयपीडी, म्हणजे ब्रिटनमधली एचआरवाल्यांची व्यावसायिक संस्था, झाली.

माझ्याकडे पहिली गंभीर तक्रार आली ती छळाची, आणि ज्याच्याविरुद्ध होती तो मालकांचा नातेवाईक. मी दोन रात्री एकाच विचारात घालवल्या: मालकांना सांगायचं कसं? शेवटी आपल्यासारख्याच एकट्या एचआरच्या आमच्या गटातल्या एका अनुभवी ताईंना फोन केला. त्यांनी सल्ला दिलाच नाही, प्रश्न विचारले. तक्रार लेखी आहे का? चौकशीला बाहेरचं कोणी आणता येईल का? आणि ती मुलगी आज कुठे बसली आहे? ती त्याच खोलीत, त्याच्यासमोर बसली होती. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं! तिची जागा बदलायला मालकांची परवानगीही लागत नव्हती. तिला विचारलं आणि तासाभरात बदलली.

असं विचारताना एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. छोट्या कंपनीत ‘आमच्या अकाउंट्समधल्या बाई’ म्हणणं म्हणजे नावच सांगणं. पद, वय, गाव, आजार, सगळं गाळा. ‘कर्मचारी’ म्हणा आणि प्रश्न प्रक्रियेचा विचारा. एवढं गाळूनही माणूस ओळखू येत असेल, तर तो प्रश्न गटात मांडू नका. गुप्ततेने बांधलेल्या वकिलाकडे न्या.

कायद्याच्या बाबतीतही गटातल्या उत्तरावर थांबू नका. कितव्या कर्मचाऱ्यापासून कोणता नियम लागू होतो, हे प्रदेशागणिक बदलतं. दुसरीकडचं बरोबर उत्तर तुमच्याकडे चूक ठरू शकतं.

गटात तयार नमुनेही भरपूर मिळतात, आणि तिथे मी स्वतः फसले आहे. एका मोठ्या कंपनीचं ४० पानी धोरण नाव बदलून आमच्याकडे लावलं. त्यात तीन जणांची शिस्तभंग समिती होती, तक्रारीवर दोन पातळ्यांचं अपील होतं. आमच्याकडे समितीला तीन तटस्थ माणसंच नव्हती! कागदावरचं धोरण आपण पाळत नाही, हे पहिल्याच वादात उघडं पडलं. आता मी नमुना घेतला की प्रत्येक कलमासमोर आपल्याकडच्या माणसाचं नाव लिहिते. नाव सुचलं नाही की ते कलम जसंच्या तसं ठेवत नाही.

मालकांकडून या गटासाठी महिन्याचे दोन तास मागून घ्या, कामाच्या वेळेतले. हा वेळ कामाचाच आहे, आणि ते ठामपणे सांगायला कचरू नका.

कंपनीतल्या एका मुलाला काढावं लागणार होतं, तेव्हा आदल्या रात्री मी ताईंना पुन्हा फोन केला. काय बोलणार ते वाचून दाखवलं. माझी सुरुवात लांबलचक होती: कंपनीची परिस्थिती, आमची हतबलता. ताई म्हणाल्या, “तुला काय वाटतं ते नंतर. निर्णय आधी सांग, आणि लगेच शेवटच्या पगाराची तारीख.” मी तीनदा वाचलं, त्यांनी तीनदा ऐकलं. सकाळी तसंच बोलले. त्याने ती तारीख वहीत लिहून घेतली, पेन खाली ठेवलं, आणि मग कारण विचारलं.